एकाच किल्लीची कपाटं

परवा आमच्या सोसायटीत कॅमेरे बसवले. मीटरच्या खोलीत एक चपटी पेटी आली आणि सगळ्या वायरी तिच्यात जाऊन बसल्या. हिला म्हणे स्विच म्हणतात. मला आपलं स्विच म्हणजे दिव्याचं बटण! काम माझाच एक जुना विद्यार्थी बघत होता. चहाला वर आला तेव्हा मी उगाच शहाणपणानं विचारलं, "पासवर्ड बदललास ना रे?"

"बदलला की, बाई. पण काही पेट्यांत एक पासवर्ड बदलताच येत नाही. कंपनीनंच आत कोरून ठेवलेला असतो. आपला कितीही अवघड ठेवला, तरी तो तसाच राहतो."

मला एकदम आमच्या शाळेतलं कपाट आठवलं.

१९८७ सालची गोष्ट. वार्षिक परीक्षेचे पेपर माझ्या ताब्यातल्या लोखंडी कपाटात असत. एक किल्ली माझ्या पर्समध्ये, दुसरी मुख्याध्यापकांच्या खणात. त्या वर्षी आठवीचा भूगोलाचा पेपर फुटला. मुख्याध्यापकांच्या खोलीत जाणं-येणं कुणाचं? शिपाईमामांचं. "त्यांच्याशिवाय कोण असणार?" हे वाक्य माझंच. मामा एवढंच म्हणाले, "बाई, मी नाही." जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा ते कामावर आलेच नाहीत.

दिवाळीनंतर एकदा घाईत मी ग्रंथालयाच्या कपाटाची किल्ली चुकून माझ्या कपाटाला लावली आणि कुलूप अलगद उघडलं! दोन्ही कपाटं एकाच दुकानातून एकाच दिवशी आणलेली. ग्रंथालयाची किल्ली खिळ्याला टांगलेली असे, कुणीही घ्यावी. मी माझी किल्ली जपत बसले होते; कुलपाकडे कुणी पाहिलंच नव्हतं. मामांच्या घरी गेले, माफी मागितली. त्यांनी चहा दिला. कामावर मात्र परत आले नाहीत.

हे सगळं त्या मुलाला सांगितलं. तो जरा गप्प झाला, मग म्हणाला, "बाई, अगदी हेच आहे." आणि त्यानं दोन उदाहरणं सांगितली.

रगेडकॉम नावाच्या कॅनडातल्या कंपनीचे स्विच वीज उपकेंद्रांसारख्या ठिकाणी वापरले जात. त्यांत 'फॅक्टरी' नावाचं एक छुपं खातं असल्याचं २०१२ मध्ये जाहीर झालं. त्याचा पासवर्ड त्या यंत्राच्या मॅक अ‍ॅड्रेसवरून, म्हणजे यंत्राच्या स्वतःच्या नंबरावरून, ठरावीक गणितानं निघायचा. आणि तो नंबर पासवर्ड विचारणाऱ्या पडद्यावरच दिसायचा! म्हणजे दारावरची पाटी वाचायची आणि किल्ली तयार करायची. पुढे कंपनीनं नव्या फर्मवेअरमधून ते खातं काढून टाकलं.

दुसरं उदाहरण सिस्कोच्या छोट्या कार्यालयांसाठीच्या स्विचचं, २०१८ सालचं. त्यांत पहिल्यांदा आत शिरण्यासाठी एक सर्वाधिकारी खातं होतं. आपण स्वतःचं पूर्ण अधिकाराचं खातं उघडलं की ते झोपायचं. आपली अशी सगळी खाती काढून टाकली की कुणाला न सांगता पुन्हा जागं व्हायचं. म्हणून तेव्हाचा उपाय अगदी साधा होता : असं निदान एक खातं स्वतःचं ठेवा.

"मग आपल्या पेटीचं काय?" मी विचारलं. त्यानं माझ्या वहीत लिहून दिलं. पेटीचं मॉडेल आणि फर्मवेअरचा क्रमांक नोंदवा. कंपनीनं त्याबद्दल काही इशारा दिलाय का, ते अधूनमधून बघा. सुधारित फर्मवेअर आलं की लगेच घाला. टेलनेट बंद ठेवा. पेटीच्या आत शिरून बदल करण्याची वाट एकाच ठरलेल्या संगणकापुरती ठेवा. कॅमेऱ्यांच्या किंवा पाहुण्यांच्या वायफायच्या जाळ्यातून ती दिसू नये आणि बाहेरच्या इंटरनेटवरून तर मुळीच नाही. कुणी कधी आत शिरलं याची नोंद दुसऱ्या यंत्रावर जाऊ द्या. आणि कंपनीनं सुधारणा देणं थांबवलं, तर पेटी बदला.

"आतली किल्ली आपल्याला काढता येत नाही, बाई. ते काम कंपनीचंच. आपण फक्त त्या दारापर्यंत कुणाला पोचू द्यायचं नाही."

रविवारी सोसायटीची सभा झाली. सेक्रेटरी म्हणाले, "उद्या यात काही गडबड झाली, तर वॉचमनला जबाबदार धरू. मीटरच्या खोलीची किल्ली त्याच्याकडेच असते."

मी उठले. सभेत सहसा मी बोलत नाही. म्हटलं, "काही झालं तर आधी पेटी तपासायची. माणूस नंतर."

वही आता माझ्याकडेच आहे. दर महिन्याच्या एक तारखेला त्या मुलाला फोन करते आणि त्यानं सांगितलेलं तारखेसह लिहून ठेवते. हजेरीपटाची जुनी सवय, दुसरं काय!