तांदळाचे एक पोते

आपल्या मराठी भाषेचा ओढा जडाकडे आहे. माणूस मोठा झाला की आपण त्याला वजनदार म्हणतो. त्याचे घर, त्याची चाल, त्याचा आवाज, सारे भारदस्त असते. आणि कचेरीत एखादे काम अडले की आपण कुणाचे तरी वजन शोधायला निघतो. 'हलका' हा शब्द मात्र आपण शिवीच्या शेजारी नेऊन बसवला आहे. कान हलका असला तर माणूस फसतो, बोलणे हलके असले तर सोयरिक मोडते, आणि साडी हलकी असली तर नेसणारीपेक्षा आणणाऱ्याची अब्रू अधिक जाते. ही भाषा जन्मभर ज्याच्या कानांवर पडली, त्याला अठ्ठावन्नाव्या वर्षी एक जड आणि एक हलकी अशा दोन फटफट्यांतून एक निवड म्हटले, तर त्याचे मन आधीच कुठे झुकलेले असेल, हे चाणाक्ष वाचकांना सांगायला नको.

अठ्ठावन्नावे वर्ष म्हणजे निवृत्तीचे वर्ष. कचेरीतल्या मंडळींनी निरोपाच्या वेळी मला भिंतीवरचे घड्याळ दिले. ज्याला यापुढे कुठेच वेळेवर पोहोचायचे नाही, त्याला नेमके घड्याळच देण्याचा रिवाज कुणी पाडला, कोण जाणे! मला हवी होती फटफटी. लग्नानंतर पहिली दहा वर्षे आम्ही दोघे स्कूटरवरून पुष्कळ हिंडलो. मग मुले झाली, चारचाकी आली, आणि प्रवास काचेच्या आत गेला. तेव्हापासून आमचा एक बेत पडून होता. मुले मार्गी लागली की दोघांनीच दोन चाकांवरून किनाऱ्याकिनाऱ्याने कन्याकुमारीला जायचे. सौ. त्याला 'आपली राहिलेली यात्रा' म्हणते.

निवृत्तीच्या पैशांत त्या यात्रेला गाडी एकच बसत होती, आणि समोर उभ्या होत्या दोन. एक चेन्नईच्या रॉयल एन्फील्डची सुपर मीटिऑर ६५०. दोन सिलिंडर, ६४८ सीसी, ४७ अश्वशक्ती आणि वजन २४१ किलो. दुसरी आमच्या पुण्याच्या बजाजची डॉमिनार ४००. एकच सिलिंडर, ३७३ सीसी, ४० अश्वशक्ती आणि वजन १९३ किलो. दोघीही लांबच्या पल्ल्याच्याच. पण पहिलीवर पाय पुढे सोडून, घरच्या आरामखुर्चीत बसावे तसे बसायचे, तर दुसरीवर जरा कंबर कसून. दोन्ही गाड्यांची पत्रके मी जेवणाच्या टेबलावर पसरली. सौ.ने तीस वर्षे शाळेत गणित शिकवले आहे. तिने दोन आकडे पाहिले, वजाबाकी केली आणि म्हणाली, "अठ्ठेचाळीस किलोंचा फरक. म्हणजे तांदळाचे एक पोतेच की!"

हा जड आणि हलक्याचा तंटा तसा जुनाच आहे. आमच्या कॉलेजच्या दिवसांत, १९८५ साली, यामाहाची आर.एक्स. १०० बाजारात आली आणि कट्ट्यावर दोन पक्ष पडले. एका पक्षाची बुलेट. १९५५ पासून मद्रासला होऊ लागलेली, ३४६ सीसीची, सैन्यात आणि पोलिसांत मान मिळवलेली. ती गल्लीच्या तोंडाशी आली की आवाजावरूनच आतल्या घरांत चहाचे आधण चढे. दुसऱ्या पक्षाची ही नवी पोरगी. ९८ सीसी, ११ अश्वशक्ती, वजन जेमतेम शंभर किलोंच्या आसपास; आणि सिग्नल सुटला की बुलेटवाल्याला धूर दाखवून पसार! बुलेटवाले म्हणत, "हिला वजन नाही." दुसरे म्हणत, "म्हणून तर!" यापलीकडे तो वाद कधी गेला नाही.

आमच्या कट्ट्याच्या दहा वर्षे आधी हाच वाद परदेशी कारखान्यांतही सुरू झाला होता. १९७५ साली होंडाने गोल्डविंग ही थोरली गाडी विकायला काढली, आणि पुढच्याच वर्षी बी.एम.डब्ल्यू.ने आर १०० आर.एस. काढली. एकीचा भर आरामावर, तर दुसरीने वाऱ्याच्या बोगद्यात घडवलेले पुरे कवच अंगावर घातले, म्हणजे वेगही राहावा आणि लांब पल्लाही गाठता यावा. पण मला सर्वांत मोलाची वाटते ती १९८८ सालची गोष्ट. गोल्डविंग तोवर इतकी वजनदार झाली होती की त्या साली तिला मागे जाण्याची सोय करून द्यावी लागली. इंजिन सुरू करणारी जी विजेची मोटर असते, तीच गाडीला हळूहळू मागे ढकलते. शेकडो मैल वाऱ्यासारखी धावणारी गाडी. पण हॉटेलच्या दारातल्या उतारावरून चार पावले मागे घ्यायची तर माणसाचे पाय पुरे पडत नाहीत! जडपणाची मेख कुठे असते, ते या एका सोयीवरून कळते.

तर आमच्या दोन गाड्या. वाण्याकडचा तांदूळसुद्धा आम्ही दाताखाली दाणा चावून घेतो. मग गाडी नुसती पत्रके वाचून कशी घ्यायची? एका स्नेह्याने आपली जड गाडी एका रविवारी दिली, पुतण्याने आपली हलकी पुढच्या रविवारी. रस्ता दोन्ही वेळा तोच. पुण्याहून खंबाटकीचा घाट ओलांडून सुरूरला वळायचे, वाईवरून पसरणीचा घाट चढायचा आणि पाचगणीला जेवायचे.

पहिल्या रविवारी शिरवळच्या पुढे सरळ रस्ता लागला, आणि मला वाटले, आता दुसरी गाडी बघायचे कारणच उरले नाही. इंजिन आपल्याशीच गुणगुणत होते. शेजारून ट्रक गेला तरी गाडी आपली वाट सोडत नव्हती. मागून सौ.चेही गुणगुणणे ऐकू येत होते, आणि ते मी बऱ्याच वर्षांनी ऐकत होतो. चालत्या फटफटीला वजन नसते. चाके फिरू लागली की ती आपला तोल बराचसा आपणच सांभाळते. तांदळाचे पोते तेव्हा कुणाच्याच डोक्यावर नसते.

पसरणीच्या घाटात एका वळणावर वरून एस.टी. आली. वळण अवघड, रस्ता अरुंद. एस.टी. थांबली, मीही थांबलो. उजवा पाय ब्रेकवर, डावा जमिनीवर आणि जमिनीवर बारीक खडी. गाडी डावीकडे दोन बोटे कलली आणि तिथेच राहिली. एस.टी. हळूहळू काढता काढता ड्रायव्हरने खिडकीतून हात हलवला, मी मान हलवली, आणि आम्ही पुढे निघालो. सबंध प्रकार अर्ध्या मिनिटाचा. झाले काहीच नाही. पाचगणीला जेवताना आम्ही पिठल्याविषयी बोललो.

दुसऱ्या रविवारची हलकी गाडी. तिची बैठक ८०० मिलिमीटर उंच. जड गाडीची ७४०. सौ.च्या उजव्या गुडघ्याला या साठ मिलिमीटरांची जाणीव पत्रक न वाचताच झाली. ती रस्त्याच्या कडेच्या कठड्यावर चढून मागे बसली. बसल्यावरही गुडघे अधिक दुमडलेले. त्यामुळे खेड-शिवापूरला चहा, शिरवळला चहा, सुरूरला उसाचा रस. एकच सिलिंडर असले की इंजिनाचा प्रत्येक ठोका वेगळा कळतो, सारवट गाडीच्या घोड्याच्या टापांसारखा. काहींना तो आवडतो, काहींना दुपारपर्यंत पुरे होतो. पण घाट लागला आणि चित्र पालटले. वळण मनात यावे तो गाडी वळलेली असे. मागच्या रविवारच्या त्या वळणावर मी मुद्दामच थांबलो. बैठक उंच, म्हणून माझे अर्धेच पाऊल टेकत होते. पण तेवढे पुरले. पुन्हा निघालो तेव्हा दम लागला नव्हता.

त्या रात्री जेवणे झाल्यावर सौ.ने दुधाच्या हिशेबाची वही उलटी केली आणि मागच्या पानावर आकडेमोड मांडली. माझे वजन ७४ किलो, तिचे ६२, सामान २० धरले. मी एकटा, सामानाविना, बसलो तर एका अश्वशक्तीने किती वजन ओढायचे? जड गाडीत ६.७० किलो, हलकीत ६.६८. म्हणजे बरोबरीच, हलकी केसभर पुढे. दोघे बसलो, सामान घेतले, की जड गाडीत ८.४५ आणि हलकीत ८.७३. पारडे फिरले! वाढलेला भार मोठ्या इंजिनाला कमी जाणवतो. इंजिनाच्या अंगचा पीळ, ज्याला टॉर्क म्हणतात, तोही एकीचा ५२ न्यूटन-मीटर आणि दुसरीचा ३५.

"पाहा," मी म्हणालो, "एकट्याला हलकी, दोघांना जड. गणितच सांगते आहे. शिवाय तुझा गुडघा. आपण दोघे जायचे ना?" स्वतःची आवड बायकोच्या गुडघ्यावर ठेवून पुढे सरकवण्याची संधी संसारात फार थोड्या वेळा मिळते.

सौ.ने पेन्सिल खाली ठेवली. "अहो, हा हिशेब चालत्या गाडीचा झाला. उभ्या गाडीचा यात कुठे आहे?"

"उभ्या गाडीचा कसला हिशेब?"

"त्या वळणावर तुमचा डावा पाय थरथरत होता."

मी काही बोललो नाही. हेल्मेटच्या आत काय चालले होते ते कुणाला दिसले नसेल, अशी माझी समजूत होती.

"मी मागे बसले होते," ती म्हणाली. "मला बैठकीतून कळले. तांदळाचे पोते तिथे होते, घाटात. आणि कन्याकुमारीपर्यंत अशी वळणे किती येतील? पेट्रोलपंप येतील, चढावरची हॉटेले येतील, पावसाने भिजलेली अंगणे येतील. माझा गुडघा दुखला तर मी 'थांबा' म्हणेन. जन्मभर म्हणतेच आहे. तुम्हाला गाडी पेलेनाशी झाली, तर तुम्ही म्हणणार नाही. मग मी तिच्याबरोबर खाली पडेन तेव्हाच मला कळायचे."

हे ती रागाने बोलली असती तर उत्तर देता आले असते. ती उदाहरण सोडवल्यासारखे बोलली. मला माझे वडील आठवले. गहू-ज्वारीचा डबा खांद्यावर टाकून ते दर शनिवारी गिरणीत जात. पंच्याहत्तरी उलटली तरी कुणाला हात लावू देत नसत. मग एका शनिवारी ते गेले नाहीत. डबा दारात तसाच राहिला आणि ते पेपर वाचत बसले. त्याआधी किती शनिवार त्यांना तो डबा जड जात होता, हे आईलाही कधी कळले नाही. आमच्या घरातल्या पुरुषांना वजन उचलायला शिकवले होते. ते जड आहे असे म्हणायला कुणी शिकवले नव्हते.

आम्ही हलकी गाडी घेतली, पाडव्याला. चाकांखाली लिंबे ठेवली, हँडलला झेंडूची माळ बांधली, सौ.ने टाकीवर कुंकवाचे स्वस्तिक काढले आणि पुतण्याने पेढे सर्वांत जास्त खाल्ले. यात्रेचे वेळापत्रकही तिनेच लावले आहे. दिवसाला दोनशे किलोमीटरच्या वर नाही, दर चाळीस किलोमीटरला उतरायचे, आणि उतरलेल्या ठिकाणी काहीतरी बघितल्याशिवाय पुन्हा चढायचे नाही. दिवसाला पाचशे किलोमीटर कापायचे असते तर तिच्या गुडघ्याने जड गाडीच मागितली असती. पण इतकी घाई कुणाला आहे? कन्याकुमारी आजवर आमच्यासाठी थांबली, आणखी चार दिवस थांबेल. मागे चढण्यासाठी म्हणून एक घडीचे लाकडी स्टूल सामानात आहे. ते रस्त्यात उघडले की लोक बघतात, आणि सौ. तोरणाखालून जावे तशा दिमाखात त्यावर चढते.

स्नेही मंडळी विचारतात, "काय हो, शेवटी हलकीच घेतलीत?" जड गाडी महाग, म्हणून पैसे कमी पडले असावेत, असा त्यांचा समज झालेला दिसतो. मी तो तसाच राहू देतो. सगळेच बोलून दाखवणे मला अजून जमत नाही. पण रस्ता उतरता असला आणि डाव्या पायाखाली खडी लागली, की मागे मान वळवून "जरा उतरतेस का?" एवढे म्हणता येऊ लागले आहे.