दाबाचा स्क्रू

पेट्रोल वाचविण्याच्या लोभाने आम्ही एकदा ओढवून घेतलेली फजिती विद्यार्थिमित्रांस सांगितलीच पाहिजे. कारण तीत गणिताचा एक धडा आहे, व तो आम्हांस आमच्याच विद्यार्थ्याने शिकविला.

आमच्या जुन्या मोटारीस पूर्वीच्या मालकाने इंधनाचा दाब कमीअधिक करता येणारा रेग्युलेटर बसविला होता. त्यात स्प्रिंगने दाबून धरलेला पडदा असतो. पंपाने आणलेल्या पेट्रोलचा दाब स्प्रिंगहून वरचढ झाला की पडदा उचलला जातो, व जादा पेट्रोल टाकीत परत जाते. स्क्रू आवळावा, दाब वाढतो. सैल करावा, घटतो. आम्ही हिशेब मांडला: दाब ३ बारवरून २.२५ वर आणला की पाव हिस्सा पेट्रोल वाचलेच!

महिना गेला, खर्च तेवढाच. पुढे मुलाबाळांसह नाशिकास जाताना कसारा घाटात इंजिन टकटक वाजू लागले. कसेबसे गाव गाठून आम्ही एका गॅरेजात शिरलो. मालक आमचा माजी विद्यार्थी निघाला. वर्गमूळ येत नाही म्हणून त्यास आम्ही एकदा बाकावर उभे केले होते!

गेज लावून तो नम्रपणे म्हणाला, "सर, इंजेक्टरमधून जाणारे पेट्रोल दाबाच्या नव्हे, दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. दाब पावाने घटविला, तर पेट्रोल सुमारे १३ टक्केच घटते. सपाटीवर ऑक्सिजन सेन्सर ही तूट ओळखतो, व संगणक इंजेक्टर अधिक वेळ उघडा ठेवून ती भरून काढतो. म्हणून बचत नाही. चढावर पूर्ण जोर दिला म्हणजे या गाडीचा संगणक सेन्सरकडे न पाहता ठराविक कोष्टकाप्रमाणे चालतो. मग मिश्रण पातळ पडते, आणि पिस्टनही जळू शकतो."

"आणि दाब वाढविला असता तर?"

"मिश्रण दाट; काळा धूर, काळे प्लग."

त्याने रेग्युलेटरची हवेची नळी काढून, इंजिन चालू ठेवून, गेजवर पाहत दाब पुन्हा ३ बारवर आणला. मजुरी तो घेईना. ती आम्ही आग्रहाने दिली. बाकावर उभे केल्याबद्दल क्षमाही मागितली. तो हसून म्हणाला, "सर, तेव्हा वर्गमूळ कशाला लागते, हे कळले नव्हते."

वर्गमूळ आम्ही वीस वर्षे फळ्यावर काढीत आलो. ते कोठे लागते हे मात्र एकदाही सांगितले नव्हते. यंदापासून सांगतो.