माणदेशात बोअर घेतात तेव्हा

फलटणच्या आसपास नीरा उजव्या कालव्याचा हिरवागार ऊस दिसतो. दहिवडीच्या वाटेला मोगराळ्याचा घाट चढून गेलं, की चित्र पालटतं. उघडं माळरान, बाभळी, मेंढरांचे कळप. हाच सातारा जिल्हा. पण महाबळेश्वरला धो धो कोसळणारा पाऊस इथवर येईतो रिता झालेला असतो. आता उरमोडीचं पाणी काही गावांत पोचलंय. बाकीच्यांची भिस्त विहिरीवर, नाहीतर बोअरवर.

बोअर म्हणजे घरातलं एक कार्यच! आधी पाणाड्या येतो. तळहातावर आडवा नारळ घेऊन शेतातून चालतो. नारळ उभा राहिला की तिथे खूण. मग मशीनची गाडी येते, पुष्कळदा थेट तमिळनाडूतल्या तिरुचेनगोडची. दर फुटावर. शंभर फूट, दोनशे, तीनशे... करडी भुकटी उडत राहते आणि घरची बाई नाकाला पदर लावून मनात हिशेब करते. पाटल्या गहाण ठेवून आणलेला पैसा असतो तो!

इथला काळा पाषाण पाणी धरून ठेवत नाही. पाणी असतं ते त्याच्या भेगांत, दोन थरांच्या सांध्यात. म्हणून एका बांधाला दोन इंची धार लागते, तर पलीकडे नुसती धूळ. खोल गेलं म्हणजे पाणी लागेलच, असं नाही. आणि लागलं, तरी तेच पाणी शेजारणीच्या विहिरीतलंही असू शकतं.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने हे ओळखलं. पोपटराव पवारांच्या पुढाकाराने १९९० नंतर गावाने डोंगरउतारावर चर खणले, पाणी अडवलं, आणि शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही असं ठरवलं. उसालाही मनाई. गावच्या विहिरींना पाणी आलं ते त्यामुळे.

तेव्हा मैत्रिणींनो, घरी बोअरचा विषय निघाला तर नारळावर विसंबू नका. जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे चौकशी करा. आजूबाजूच्या बोअरना मे महिन्यात पाणी असतं का, ते विचारा. पागोळ्यांचं पाणी गाळून जमिनीत मुरवा. आणि बोअर कोरडा गेला, तर तो त्याच दिवशी पक्का बुजवून घ्या. उघड्या बोअरमध्ये मुलं पडतात. पैसा गेला तो गेला, पण तोंड उघडं ठेवून कुणाचं लेकरू जायला नको.