हिदायाचा फेरा

मर्गिलान हे फर्गाना खोऱ्यातलं, रेशमासाठी नावाजलेलं गाव. बाराव्या शतकात तिथल्या बुऱ्हानुद्दीन मर्गिनानींनी इस्लामी कायद्यावर ‘हिदाया’ हा ग्रंथ अरबीत लिहिला. तो हिंदुस्थानातल्या मदरशांपर्यंत पोचला. वॉरन हेस्टिंग्जच्या काळात कलकत्त्याच्या मौलवींनी त्याचं फारसी रूप सिद्ध केलं. त्यावरून चार्ल्स हॅमिल्टननं केलेला इंग्रजी अनुवाद 1791 मध्ये लंडनला छापला गेला. आणि 1893 मध्ये त्या इंग्रजीवरून केलेला रशियन अनुवाद ताश्कंदला प्रसिद्ध झाला. सातशे वर्षांनी ग्रंथ आपल्या मुलखात परतला, तो राज्यकर्त्यांच्या भाषेत.

हा रशियन अनुवाद करवून घेणाऱ्या निकोलाय ग्रोदेकोव या रशियन जनरलनं मला कित्येक दिवस बेचैन ठेवलं आहे.

1878 मध्ये तो घोड्यावरून समरकंदहून हेरातला गेला आणि त्या वाटेचं वर्णन लिहून काढलं. 1881 च्या जानेवारीत गोक-तेपेला जनरल स्कोबेलेव्हच्या रशियन फौजेनं तुर्कमेनांच्या मातीच्या कोटाला सुरुंग लावला. वाळवंटाकडे पळणाऱ्या हजारोंना कापून काढलं. ग्रोदेकोव त्या फौजेच्या स्टाफचा प्रमुख होता. मोहिमेचा इतिहासही पुढे त्यानंच लिहिला.

मग दहा वर्षं तो सिर-दर्या प्रांताचा गव्हर्नर होता. तिथल्या कझाख आणि किरगिझ भटक्यांचे रीतिरिवाज त्यानं गोळा करवले आणि 1889 मध्ये ग्रंथरूपानं छापले. वधूसाठी द्यायचा ‘कलिम’, खुनाच्या भरपाईचा ‘कुन’, तंटे सोडवणारे ‘बी’, हे सारं त्यात आहे. कझाखांच्या जुन्या कायद्यात पुरुषाच्या जिवाची भरपाई हजार मेंढ्यांची, बाईच्या जिवाची पाचशेंची. गोक-तेपेच्या मेलेल्यांचा कुन कोणी मागायचा, आणि कोणापुढे? हा प्रश्न त्या माणसाला कधी पडला असेल का, हे मला फार जाणून घ्यावंसं वाटतं.

पुढे अमूरकाठच्या खबारोव्स्कला त्यानं संग्रहालय उभारण्यासाठी जिवापाड मेहनत घेतली. तिथे माशांच्या कातड्याचे नानाई पोशाख आहेत, नामशेष झालेल्या स्टेलरच्या समुद्रगायीचा सांगाडा आहे. संग्रहालयाला आज त्याचंच नाव आहे. आणि तो त्या मुलखाचा गव्हर्नर-जनरल असतानाच, 1900 च्या जुलैत, ब्लागोव्हेश्चेन्स्कला हजारो चिनी रहिवाशांना अमूर नदीत लोटून बुडवलं गेलं.

आपल्याला असा माणूस परका नाही. पेशवाई बुडवणाऱ्या एल्फिन्स्टननंच काबूलवर आणि हिंदुस्थानच्या इतिहासावर ग्रंथ लिहिले. दख्खनमधल्या जातींचे कायदे आणि चालीरीती जमवण्याचं काम आर्थर स्टीलकडं सोपवलं गेलं आणि 1827 मध्ये ते पुस्तक मुंबईत निघालं. राज्य टिकवायचं तर रयतेचा कायदा माहीत हवा, हा हिशेब दोन्हीकडे सारखाच.

म्हणून ती विद्या खोटी ठरत नाही. ती मी आदरानं वाचतो. तिच्यामुळं रक्त धुतलं जातं असं मात्र मानत नाही. आणि मला वाटतं, तिचे खरे धनी वेगळे आहेत. तंबूत बसून परक्या अंमलदाराला आपला कायदा तोंडपाठ सांगणारे ते म्हातारे बी नसते, तर जनरलला लिहायला काय उरलं असतं? मुखपृष्ठावर नाव त्याचं असेल. ग्रंथ त्यांचा आहे.