एडिंबरोची ताडी

मुंबईच्या आमच्या बिऱ्हाडात स्कॉच व्हिस्कीची बाटली चांदीच्या भांड्यांशेजारी नांदत असे, आणि कोणी आप्त विलायतेहून परतताना नवी घेऊन आला म्हणजे काका प्रथम आपला परवाना, जो १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यान्वये प्रकृतीच्या सबबीवर त्यांनी मिळविला होता आणि रेल्वेच्या पासासोबत खिशात जपला होता, तो जागेवर असल्याची खातरजमा करून घेत, मगच बुचाला हात लावीत. त्या द्रव्यात पाणी घालण्याची मुभा होती. सोडा नाइलाज म्हणून क्षम्य होता. त्यापलीकडे काही मिसळणे म्हणजे तीर्थात सरबत कालविणे.

हे सोवळे गाठीशी बांधून मी एडिंबरोस आलो. येथे तीच बाटली कोपऱ्यावरच्या दुकानात पाव आणि साबण यांच्या समोरच्या फळीवर निर्विकारपणे उभी असलेली पाहून मला, खरे सांगायचे तर, थोडा विषादच वाटला. पुढे लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात पेये सिद्ध करणाऱ्या हॅरी क्रॅडॉक याचा १९३० सालचा पाककोश हाती आला, आणि आपण ज्याला भ्रष्टाकार समजत होतो त्याला चांगली वंशावळ आहे, असे ध्यानात आले. शिवाय ज्या मिश्र स्कॉचला आमचे काका हात जोडीत, तीही मुळात मिसळच की! जवाची आणि इतर धान्यांची, निरनिराळ्या भट्ट्यांतील व्हिस्की एकत्र करण्याचा उद्योग याच शहरात अँड्र्यू अशर यांच्या घराण्याने १८५० नंतरच्या दशकात नावारूपास आणला. आणि त्यांच्याच पैशातून उभारलेल्या, १९१४ साली उघडलेल्या भव्य सभागृहात बसून आज आम्ही व्हायोलिनची मैफल ऐकतो.

तेव्हा घरीच प्रयोग करण्याचे ठरले. पहिला मान रॉब रॉय या पेयाला. त्या नावाचा डोंगराळ मुलखातील पुरुष गुरांच्या रक्षणार्थ म्हणून शेजाऱ्यांकडून जी खंडणी वसूल करी, तिची हकीकत वाचताना मराठी माणसाला चौथाई आठवल्यावाचून राहत नाही. पेय मात्र १८९४ च्या सुमाराचे, न्यूयॉर्कमधील, आणि त्याचे नाव त्या साली तेथे रंगभूमीवर आलेल्या एका संगीतिकेवरून पडलेले. साठ मिलिलिटर स्कॉच, तीस मिलिलिटर गोड व्हर्मूथ, अँगोस्टुरा बिटर्सचे दोन शिंतोडे. बर्फावर अर्धा मिनिट चमच्याने शांतपणे फिरवावे आणि गाळून घ्यावे. घुसळू नये, कारण घुसळल्याने ते गढुळते, आणि या पेयाचे निम्मे सौंदर्य त्याच्या तांबूस निवळपणात आहे. बर्फाचे जे पाणी त्यात उतरते तेही कृतीचा भागच होय. ते टाळण्याची काटकसर करणाऱ्याला नुसता जाळ प्यावा लागतो.

व्हर्मूथ आणि स्कॉच समसमान घेऊन बेनेडिक्टिनचे तीन थेंब सोडले की बॉबी बर्न्स होतो. कवी बर्न्स १७८९ पासून अबकारी खात्याचा अंमलदार होता, आणि सैतान अबकारी अंमलदाराला उचलून नेतो अशा आशयाचे गाणे त्यानेच रचले. सरकारी नोकरीतील एवढी निर्मळ विनोदबुद्धी मला अन्यत्र आढळलेली नाही. ‘रक्त आणि वाळू’ हे तिसरे पेय, व्हॅलेंटिनोच्या १९२२ मधील चित्रपटाच्या नावाचे, संत्र्याचा रस घातलेले. परंतु नाव ऐकताच आमच्या सौभाग्यवतींनी ते स्वयंपाकघरात येऊ दिले नाही.

गेल्या ३१ डिसेंबरला, ज्या रात्रीला येथील लोक हॉगमने म्हणतात, वरच्या मजल्यावरच्या आजीबाई मध्यरात्रीच्या घंटा ऐकण्यासाठी आमच्याकडे आल्या. त्यांचे दिवंगत यजमान लीथ बंदरातील व्हिस्कीच्या वखारीत सरकारी अंमलदार होते. त्या वखारींना दोन कुलपे असत, एक मालकाचे आणि एक सरकारचे, आणि दोन्ही किल्ल्या जमल्याशिवाय पिंप हलत नसे; त्यातील सरकारी किल्ली वीस वर्षे आपल्या घरी खुंटीवर असे, हे आजीबाई अजून अभिमानाने सांगतात. मी मोठ्या ऐटीत रॉब रॉय पुढे केला. त्यांनी एक घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि सौम्यपणे विचारले, “यात सिरका घालतात का?”

अपराध माझाच होता. व्हर्मूथ म्हणजे वनस्पती मुरविलेली द्राक्षमदिरा. आमच्या घरी द्राक्षासव वर्षानुवर्षे फळीवर राही, त्या हिशेबाने मी ही बाटलीही उघडून तीन महिने चुलीशेजारी ठेवली होती. ती शीतकपाटात ठेवावी आणि महिन्या-दोन महिन्यांत संपवावी, एवढी साधी गोष्ट मला पुस्तकाने सांगितली असेलही. मी मापे तेवढी वाचली होती. नवी आणावी म्हणून डगला चढवून धावलो, तो दहा वाजून पाच मिनिटे झालेली. आणि रात्री दहानंतर दुकानातून मद्य विकण्यास या देशात कायद्याची मनाई! परवान्याच्या राज्यातून आलेल्या मला तो प्रसंग अगदीच परका वाटला नाही.

परत येऊन पाहतो तो आजीबाई किटलीचा ताबा घेऊन बसलेल्या. पेला ऊन पाण्याने शेकून त्यांनी त्यात साखर विरघळविली, पेला तडकू नये म्हणून चमचा आतच ठेवला, मग व्हिस्की, वर लिंबाची चकती आणि दोन लवंगा. “टॉडी,” त्या म्हणाल्या, “यात नासण्यासारखे काही नाही.”

“अहो आजी, हा शब्द आमचा आहे,” मी म्हणालो. कारण इंग्रजी कोशकारही तो ताडीपासूनच आला असे नोंदवितात. आजीबाईंना हे मुळीच मान्य नव्हते. त्यांच्या मते एडिंबरोला पूर्वी पाणी पुरविणाऱ्या टॉड्स वेल नावाच्या झऱ्यावरून तो पडला, आणि या मताला अठराव्या शतकातील अ‍ॅलन रॅम्सी या कवीचा दाखला आहे, असेही त्यांनी बजावले. मी ताडाचे झाड कागदावर काढून दाखविले. कमरेला कोयता अडकवून पहाटे वर चढणारा माणूस, शेंड्याला बांधलेले मडके, उन्हाआधी उतरविली तर नीरा आणि आंबली की ताडी, असे सगळे यथासांग समजावले. माडाची ती माडी, ताडाची ती ताडी, हा भेद मात्र मी त्यांच्यावर लादला नाही.

त्यांनी चष्मा लावून चित्र बराच वेळ न्याहाळले.

“वर चढणाऱ्या या माणसाला,” त्यांनी विचारले, “परवाना लागतो का?”

“लागतो. अबकारी खात्याचा.”

“मग असेल तुमचा शब्द,” असे म्हणून आजीबाईंनी किटली पुन्हा शेगडीवर चढविली.