घाटाच्या वर, घाटाच्या खाली

राहायला वाई, नोकरी पाचगणीला, मधे पसरणीचा घाट. शाळेत मी विज्ञान शिकवते, पण हवामान मला कळलं ते एसटीच्या खिडकीतून.

जुलैत वाईच्या स्टँडवर बऱ्याचदा बरं ऊन असतं. निम्मा घाट चढला की ड्रायव्हर दिवे लावतो. प्रवासी म्हणतात, धुकं आलं. खरं तर आलेले आपण असतो, कारण तो ढगच असतो, डोंगराला टेकलेला. वर उतरावं तर पाऊस आडवा मारतो, छत्री उलटी होते. जून ते सप्टेंबर माझ्या स्टाफरूमच्या कपाटात एक कोरडा ड्रेस आणि स्वेटर कायमचा. संध्याकाळी घरी आले की सासूबाई विचारणार, "कुठंय गं तुझा तो ऑरेंज अलर्ट? माझ्या गोधड्या खडखडीत वाळल्या." आणि अलर्ट तर आख्ख्या जिल्ह्याच्या नावानं मोबाइलवर फिरत असतो.

दोघींचंही बरोबर असतं. अरबी समुद्रावरून आलेलं ओलं वारं कोकण ओलांडून सह्याद्रीच्या कड्यावर आदळतं. पुढं वाट नाही म्हणून वर चढतं. वर हवेचा दाब कमी, त्यामुळे हवा पसरते, पसरली की गार होते आणि तिच्यातल्या बाष्पाचे थेंब होतात. महाबळेश्वरचा माथा सुमारे 1,370 मीटरवर. तिथं वर्षाला साधारण साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. माथा ओलांडून तीच हवा वाईकडे उतरताना दाबली जाते, तापते, आणि उरलेसुरले ढग विरून जातात. वाईचा वर्षाचा पाऊस हजार मिलिमीटरच्याही आत, आणि दोन्ही गावांत रस्त्यानं अंतर तीसेक किलोमीटर. जिल्हा एक, तालुके शेजारी, पण आभाळ वेगळं.

हवामान खातं हे ओळखून आहे. अलीकडे इशाऱ्यात सातारा घाट परिसराचा अंदाज वेगळा दिलेला असतो. गोंधळ पुढं होतो. व्हॉट्सअ‍ॅपवर येता येता "घाट" गळून पडतो आणि "साताऱ्यात अतिमुसळधार" एवढंच उरतं. त्यातलं अतिमुसळधारही वाऱ्यावरचं विशेषण नव्हे. सकाळी साडेआठपासून दुसऱ्या सकाळी साडेआठपर्यंत 64.5 मिलिमीटरला मुसळधार सुरू होतो, 115.6 ला अतिमुसळधार, आणि 204.5 पासून त्याच्याही पुढची पायरी. मुलांना मिलिमीटर कळत नाहीत, म्हणून मी फळ्यावर गुणाकार करते: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. मग 200 मिलिमीटर म्हणजे एका गुंठ्यावर वीस हजार लिटर, दहा हजारांचे दोन टँकर. एवढं म्हटलं की वर्ग गप्प होतो, आणि मागच्या बाकावरून कोणीतरी उद्या सुट्टी आहे का, असं विचारतं.

"तुरळक ठिकाणी" हा शब्द वाचून लोक हसतात. त्याचाही हिशेब आहे: त्या भागातल्या पाव किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस. म्हणजे उरलेल्या तीन पाव भागात ऊन पडलं, तरी अंदाज चुकत नाही. सासूबाईंची गच्ची बहुधा त्या तीन पावांत.

गंमत म्हणजे, वाईत थेंब नसताना आमची कृष्णा फुगते. वर पाऊस झोडपतो, धोम धरण भरतं, दरवाजे उघडतात आणि ढोल्या गणपतीच्या घाटावर पाणी चढायला लागतं. नदीकाठच्या माणसानं आपल्या गावापेक्षा महाबळेश्वरचा अंदाज आधी पाहावा, असं मला वाटतं.

वरचा पावसाळा कितीही कोसळो, गडगडाट मात्र फारसा नसतो. नव्यानं आलेल्या शिक्षकांना याचं नवल वाटतं. ते ढग बुटके असतात. बर्फ होण्याइतके उंच जात नाहीत, थेंबाला थेंब मिळूनच पाऊस पडतो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं 2012 मध्ये महाबळेश्वरला खास ढगांच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा काढली आहे. मे महिन्यातल्या वळवाचं उलटं. दुपारभर तापलेल्या जमिनीवरून ढग उभाच्या उभा वाढतो, वर गारा आणि हिमकण एकमेकांवर घासून वीज साठते. लखलखाटानंतर आवाजाला तीन सेकंद लागले, तर वीज किलोमीटरभर अंतरावर पडली. मुलं मोजत बसतात. मी त्यांना मोजणं सोडून आधी आत घेते.

थंडीत बातम्यांचा रंग बदलतो. वेण्णा तलावाकाठचं गवत पांढरं झाल्याचा फोटो येतो, खाली "महाबळेश्वर शून्यावर". वेधशाळेचा आकडा मात्र त्याहून कितीतरी अंश जास्त असतो. ती तापमान घेते जमिनीपासून सव्वा मीटरवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत. निरभ्र रात्री जमीन उष्णता सोडत राहते, जड गार हवा उतारावरून तलावाच्या खोलगट भागात साठते, आणि गवताच्या पात्यावर दव गोठतं. आम्ही शाळेच्या मैदानात एक तापमापक गवतावर ठेवला, एक व्हरांड्यात टांगला. सकाळी दोन्हींत फरक निघाला. एका पोरानं विचारलं, "मॅडम, मग बातमी खरी का खोटी?"

म्हटलं, "गवतापुरती खरी."

त्यानं वहीत तसंच लिहून ठेवलं.