तापलेल्या धातूची वीज

पदवीपर्यंत मी हिंदी माध्यमात शिकलो. 'उष्णता' म्हणताना अजूनही तोंडी 'ऊष्मा' येते. दहावीतील एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, लालभडक लोखंडासमोर सौर पॅनेल ठेवले तर वीज मिळेल?" मिळेल, पण नगण्य. त्यातली बहुतेक ऊर्जा अवरक्त किरणांत असते, ती सिलिकॉनला पचत नाही. अमेरिकेत एमआयटीच्या संशोधकांनी टंगस्टनवर अब्जावधी अतिसूक्ष्म खड्डे कोरून, विद्युतघटाला चालतील असेच किरण त्याला जास्त सोडायला लावले. २०२२ मध्ये तेथील दुसऱ्या गटाची युक्ती मला अधिक आवडली : घटामागे सोन्याचा आरसा, निरुपयोगी किरण परत तापलेल्या धातूकडे! २४०० अंश सेल्सियसला कार्यक्षमता ४१ टक्के झाली. त्या मुलाला वर्णपट दाखवायला गेलो, तर शाळेतल्या एकुलत्या काचेच्या लोलकाचा टवका उडालेला. नव्या लोलकांची मागणी विश्वस्त मंडळापुढे ठेवली आहे.